माहेरवाशिणींचे तांडेल

समुद्राचा किनारा झाडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मिऱ्याच्या वाळूवर उजाडता उजाडता खराटा घेऊन वाकलेले तांडेल दिसत. पहिल्यांदा वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट असावा. मी नुकताच रत्नागिरीच्या कचेरीत हंगामी कारकून म्हणून लागलो होतो, मिऱ्याला खोली घेऊन एकटाच राहत होतो, आणि एकट्या माणसाला दुसऱ्याला वेड्यात काढायला भरपूर वेळ असतो.

मग खरा प्रकार कळला. थंडीच्या दिवसांत समुद्रातल्या कासवी रात्री वर येऊन वाळूत अंडी घालतात. परत जाताना त्यांच्या सरपटण्याचा माग वाळूवर राहतो. लोक सकाळी तो माग धरून जात, खड्डा उकरत आणि टोपल्या भरभरून अंडी बाजारात नेत. तांडेल त्यांच्याआधी येऊन माग झाडून टाकत. उभा जन्म मलबारपर्यंत गलबत नेलेला माणूस आता वाळू झाडतो म्हणून गाव हसायचं.

"हसू देत," ते म्हणायचे. "माहेरवाशीण हाय ती. जन्मली त्याच पुळणीत बाळंतपणाला येते. तिची कूस लुटायची, हे माहेर कसलं भाऊसाहेब?"

भाऊसाहेब म्हणजे मी. माझं वय तेव्हा बावीस, पण कचेरीतल्या माणसाला ते दुसरं काही म्हणत नसत. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा मुंबईला गिरणीत. चुलीवर गुळाचा चहा ठेवला की ते दोन माणसांचाच ठेवत आणि मग दुसरा माणूस शोधायला ओटीवर येत. बहुतेक वेळा मीच सापडायचो. "एकट्यासाठी चूल पेटवायची लाज वाटते," असं म्हणत ते कप पुढे करायचे. तो चहा मला फारसा आवडत नसे, पण मलाही दुसरीकडे जायला कुठे होतं?

त्या वर्षी अंडी काढणारे पहाटेआधीच येऊ लागले आणि खराटा हरला. तांडेल दोन दिवस उकरलेले खड्डे बुजवत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "देशासाठी फेऱ्या निघतात, हिच्यासाठी एक निघू दे. सरळ कचेरीत जाऊ. बाजारात अंडी आणायची नायत, असा हुकूम मागू." अर्ज मी लिहून दिला. लिहिता लिहिता इतका रंगलो, की बोलून गेलो, "तांडेल, मीही येतो तुमच्याबरोबर."

मोर्चाचं आमंत्रण त्यांनी लग्नासारखं केलं. दारोदार अक्षता दिल्या. सगळ्यांनी त्या घेतल्या, कपाळाला लावल्या आणि येतो म्हणाले. आमचा कोकणी माणूस दारात आलेल्या म्हाताऱ्याला तोंडावर नाही म्हणत नाही. तांडेलांनी ते सगळे होकार खरे मानले आणि चाळीस माणसांना पुरेल एवढं गूळखोबरं करून ठेवलं.

ते चळवळीचे दिवस होते. चार माणसं रांगेत चालली तरी वरपर्यंत खबर जायची. आदल्या दिवशी हेडक्लार्क सहज म्हणावं तसं म्हणाले, "उद्या मिऱ्याहून मोर्चा येतोय म्हणे. आपल्यातला कोणी असला, तर त्याने परवा यायची तसदी घेऊ नये." माझ्या पोटावर पाय येणार, हे मला कळलं. दुसऱ्या दिवशी तांडेलांचं घर टाळून मी आडवाटेने कचेरी गाठली.

अकराच्या सुमाराला वरच्या मजल्यावरच्या माझ्या जागेवरून ते येताना दिसले. धुतलेला सदरा, लाल टोपी, डोक्यावर गूळखोबऱ्याची टोपली. मागे कोणी नव्हतं. नाक्यावर तासभर वाट पाहून ते एकटेच निघाले होते. त्यांनी टोपली खाली ठेवली, चपला काढल्या आणि हात जोडून अंगणात उभे राहिले. मोठ्यापुढे मागणं मांडायची त्यांना एकच रीत ठाऊक होती. देवळात घालतात तसं त्यांनी खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा कचेरीच्या म्हाराजा! बारा बंदरांच्या मालका! आज ही सगळी लेकरं तुज्या दारात आली हायत!"

आणि ते थांबले. देवळात इथे सगळा गाव "होय म्हाराजा" म्हणतो. अंगणात कोणी बोललं नाही. एक शिपाई फिसकन हसला. "समुद्रातली माहेरवाशीण तुज्या पुळणीत येते, तिची राखण कर म्हाराजा!" ते पुन्हा तेवढंच थांबले. त्या दोन शब्दांसाठी माझी जीभ वळवळत होती. हेडक्लार्कनी माझ्याकडे पाहून खिडकीच्या दिशेने मान हलवली, तसा मी खिडकी लावायला उठलो. कडीवर हात गेला आणि तांडेलांनी वर पाहिलं. खिडकी मला लावता आली नाही, आणि बोलताही आलं नाही. त्यांनी गाऱ्हाणं शेवटपर्यंत घातलं.

अर्ज दप्तरी दाखल करा, असा शेरा आला. तो मीच दाखल केला. गूळखोबरं त्यांनी शिपायांना वाटलं, माझाही वाटा कागदात बांधून वर पाठवला.

त्यानंतर मी त्यांच्या ओटीसमोरून जायचं टाळू लागलो. त्यांनी कधी विचारलं नाही, याचीच मला जास्त लाज वाटायची.

वर्षाने त्यांची नजर गेली आणि मुलगा न्यायला आला. आगबोट लागली तेव्हा मी बंदरावर गेलो. आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात ते बसले होते. माझा आवाज ओळखून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"भाऊसाहेब, त्या दिवशी अर्ध्यावरनंच परत फिरणार होतो. मग तुमी खिडकीत येऊन उभे ऱ्हायलात. म्हटलं, आपलं एक माणूस हाय. म्हणून पुरं गाऱ्हाणं घातलं."

खिडकीत मी कशासाठी आलो होतो, ते सांगायला मी तोंड उघडलं, तोवर पडाव सुटला होता. खरं सांगायचं तर, तो सुटेपर्यंत मीच थांबलो होतो.