खीर म्हणजे दूध

“मॅडम, बाबांना आता काहीच समजत नाही. तुम्ही फक्त तसं लिहून द्या,” सुनील म्हणाला. टिटवाळ्याच्या वृद्धाश्रमात जागा मिळाली होती. तिथे स्पीच थेरपिस्टचा रिपोर्ट हवा होता, म्हणून मला कोलशेतच्या फ्लॅटवर बोलावलेलं.

त्याचे वडील, टेकचंदकाका, खिडकीशी बसले होते. कल्याणच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. मागच्या वर्षी बायको गेली, पाठोपाठ स्ट्रोक. हॉस्पिटलच्या पेपरवर ‘अफेजिया’ लिहिलं होतं. मेंदूतल्या भाषेच्या भागाला मार बसला की शब्द सापडत नाहीत, नाहीतर ऐकलेलं कळत नाही. त्याला अफेजिया म्हणतात. काकांचं बोलणं जड, अस्पष्ट. मी मराठीत म्हटलं, डोळे मिटा. ते नुसते बघत राहिले. हिंदीतही तेच.

“एकच शब्द कळतो, खीर,” सून वैशाली म्हणाली. “रोज मागतात, आणि केली की वाटी ढकलतात.” ती दमलेली दिसत होती. आजही तिने केली होती. काकांनी वाटी ढकलली, ओट्याकडे बोट केलं. “खीर.”

ओट्यावर दुधाचं पातेलं होतं.

“थोडं दूध द्या बघू.”

डाव्या हाताने पेला धरून त्यांनी सगळं दूध संपवलं. वैशाली माझ्याकडे बघायला लागली.

“सुनील, बाबा मूळचे कुठले?”

“कल्याणचेच. म्हणजे फाळणीत सिंधमधून आले, लहान होते. निर्वासितांच्या कॅम्पात वाढले.”

“घरी सिंधी बोलायचे?”

“कधीच नाही. आई मराठी, आम्ही मराठी. सिंधबद्दल विचारलं की म्हणायचे, नकाशात बघ.”

सिंध एकेकाळी आपल्याच मुंबई इलाख्यात होता. ठाणं आणि कराची, दोन्हीचा कारभार एकाच सरकारकडे. पुढे तो वेगळा प्रांत झाला आणि फाळणीत अख्खा पलीकडे गेला. पंजाब, बंगाल यांचा निदान तुकडा तरी इकडे राहिला. सिंधी माणसाला इकडे आपला म्हणावा असा एक जिल्हाही उरला नाही. शाळेत हे एका ओळीत संपलं होतं.

स्ट्रोकमध्ये कधीकधी नंतर शिकलेल्या भाषा जातात आणि पहिली तेवढी उरते. मी हे वाचलेलं, पाहिलं नव्हतं.

पुढच्या वेळी उल्हासनगरहून माझ्या सहकारी डॉक्टरच्या आईला, गोपीमावशींना, सोबत नेलं. सिंधीत दुधालाच खीर म्हणतात, हे त्यांनी वाटेतच सांगितलं. त्यांनी काकांना सिंधीत गाव विचारलं. काकांनी मान वळवली. “शिकारपुर.” मावशी म्हणाल्या, डोळे मिटा. त्यांनी मिटले. प्रांत? “सिंध.” आता कुठे आहात? काका थांबत थांबत बराच वेळ बोलले. मावशींनी डोळ्यांना पदर लावला, मग आम्हाला हिंदीत सांगितलं.

“बोलते हैं, बेटे के घर में हूँ. बहू अच्छी है. पर यहाँ मेरी बोली किसी को नहीं आती.”

सुनील उठून गॅलरीत गेला.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं: समजतं. सिंधीत.

टिटवाळ्याची जागा त्यांनी सोडली. मावशी दुपारी फोन करायच्या. काका फोनवर हसतात, असं वैशाली सांगायची. थोडी मराठीही परत आली: चहा, बस, तिचं नाव. दिवाळीनंतर मावशी वारल्या. सुनील आता सिंधी शिकतोय. तो चुकतो, काका दुरुस्त करतात, शेवटी मास्तर. पण त्याला गप्पा म्हणता येणार नाहीत. दुपारी काका फोन मांडीवर घेऊन बसतात.

हल्ली नव्या पेशंटच्या घरी माझा पहिला प्रश्न असतो: लहानपणी आई कुठल्या भाषेत ओरडायची? माझी मालवणीत. डोंबिवलीत मी एकटी राहते, मालवणी बोलायला आता कुणी उरलं नाही. भाचीला सांगून ठेवलंय, मी कधी भलतंच बडबडायला लागले, तर रिपोर्ट मागायच्या आधी एक मालवणी माणूस शोध.