चार नंबरची खोली

थंडोबाने पहिली बायको कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवली आहे, अशी कुजबूज एके काळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली होती. ठेवली म्हणजे नांदवली नव्हे, बटाट्यांसारखी ठेवली. पुरावाही भक्कम होता. रोज दुपारी डबा खाऊन झाला की थंडोबा शाल घेऊन चार नंबरच्या रिकाम्या खोलीत शिरतो, हे गेटवरच्या हमालाने डोळ्यांनी पाहिलं होतं. आता बटाट्यांना कोणी शाल पांघरवतं का?

सव्वीस वर्षं तो त्या बटाट्यांच्या गोदामात मशीन सांभाळत होता. तापमान बघायचं, दारं घट्ट लागलीत ना ते बघायचं, कुठे सडका वास येतोय का हुंगत हिंडायचं. ही पहिली बायको त्याच्या एकुलत्या एका बायकोच्या कानावर गेली, तेव्हा ती भाजी निवडत होती.

"म्हणजे मी दुसरी तर," ती म्हणाली. "आधी सांगितलं असतंत तर तिच्यासाठी एखादा स्वेटर विणला असता."

"तुझ्या बहिणीने उठवलंय हे."

"तिला कशाला बोल लावता? तिने फक्त चार घरी सांगितलं."

गंमत अशी, की हीच गल्ली अडली की त्याच्याच दारात यायची. भावाभावांचं फाटलं, सुनेने वेगळं राहायचं काढलं, की चालले थंडोबाकडे. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "दहा दिवसांनी या."

हे तो बटाट्यांकडून शिकला होता. नवा माल आल्या आल्या गारव्यात ढकलत नाहीत. खणताना लागलेले घाव सावलीत आपोआप भरून यावे लागतात. घाई केली तर घाव आतल्या आत सडतो आणि शेजारची पोतीही घेऊन जातो. निम्मी माणसं दहा दिवसांनी फिरकायचीच नाहीत. उरलेल्यांना तो दोन वाक्यांत काय ते सांगायचा, आणि ते बहुतेक बरोबर निघायचं. लोक म्हणायचे, डोकं आहे बुवा. पण त्याला पक्कं ठाऊक होतं, की जे काही सुचायचं ते चार नंबरमध्ये. बाहेर तो तुमच्याआमच्याइतकाच बावळट.

पहिल्या बायकोची ही गोष्ट शेवटी गोदामाच्या मालकापर्यंत गेली.

"माझा विश्वास नाही हो," मालक म्हणाला. "पण दोन व्यापाऱ्यांनी माल दुसरीकडे हलवला, त्यांना काय सांगू?" त्याने चार नंबरला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली. "बसायचंच तर ऑफिसात बसा की. पंखा आहे, टीव्ही आहे, चार माणसं आहेत."

त्याच आठवड्यात मुलगी बॅग घेऊन माहेरी आली.

"मारत नाही, पीत नाही," ती म्हणाली. "अकरा महिने झाले, माझ्याशी बोललाच नाहीये. परत जाऊ की नको, बाबा? तुम्ही सांगाल तसं करते."

"तिला तुमचे ते दहा दिवस सांगू नका," बायको आतून म्हणाली. "रविवारी येतोय तो न्यायला."

म्हणजे हातात चार दिवस. थंडोबा गच्चीवर गेला, तर तिथे मेहुणी चादरी वाळत घालत होती. "काय भाऊजी, थोरलीची आठवण येतेय वाटतं?" बागेतल्या बाकावर टेकला, तर शेजारी एक गृहस्थ येऊन बसले आणि त्यांनी आपल्या साडूचं प्रकरण पहिल्यापासून काढलं. न्हाणीघराची कडी लावली, तर बाहेरून दारावर थाप: "आटपा, पाणी जाईल." शेवटी त्याने मालकाकडे किल्ली मागितली. अर्ध्या तासापुरती.

"आता दिली तर लोक म्हणतील, खरंच होतं," मालक म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं.

रविवारी जावई आला. खुर्चीच्या कडेवर टेकला, पाणी प्यायला, बोलला काहीच नाही. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मुलगी बॅगेशेजारी उभी राहून बापाकडे बघत होती. थंडोबाने डोक्यात शोधलं, तर आत तो हॉर्नच होता.

"जा," तो म्हणाला. "जा बाळा, गाडी थांबलीये."

ती गेली. बाबांचं सांगणं चुकत नाही, हे ऐकतच ती मोठी झाली होती.

आता दर गुरुवारी तिचा फोन येतो.

"बरी आहेस ना?"

"हो, बाबा."

"बोलतो का तो?"

ती म्हणते, "तुम्ही सांगितलंत ना, म्हणून आले." ती फोन ठेवते, तरी थंडोबा तो कानाला तसाच धरून उभा राहतो.

पुढच्या हंगामात माल मावेना, तेव्हा मालकाने चार नंबरचं कुलूप काढलं. काही ना काही निमित्त काढून निम्मी गल्ली बघायला जमली होती. आत एक लाकडी खोका उलटा घातलेला होता. थंडोबा रोज अर्धा तास त्यावर बसायचा. दुसरं काही नव्हतं.