उजव्या शंखाची गोगलगाय

परवा डोंबिवलीला गेले होते, अनघाकडे. पाऊस नुकताच थांबलेला... आणि ही बाई सोसायटीच्या मागे चिखलात ओणवी होऊन गोगलगायी उलट्यापालट्या करतेय!

अनघा म्हणजे आमच्या जुन्या शेजारीण पटवर्धनकाकूंची मुलगी. ऐंशीच्या दशकात याच जागी आमची दुमजली बिल्डिंग होती, मागे विहीर आणि केळी.

श्रावणात तिथे गोगलगायींचं संमेलनच भरायचं. कठड्यावर मोहरीएवढ्या, केळीवर लांबट टोकदार, काही हात लावला की शंखाला झाकण लावून बसणाऱ्या... मोरीत बिनशंखाच्या काळ्या निघायच्या, त्यांना आई जाम वैतागायची. आणि एक होती पिवळसर, तपकिरी पट्टीची. तिचा शंख बाकीच्यांपेक्षा उलटा वळलेला.

काकूंना लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. डॉक्टर झाले, नवस झाले. मग कुणीतरी उजवा शंख पुजायला सांगितला, पण तो काय सहज मिळतो? अशात विहिरीपाशी त्यांना या गोगलगायीचा रिकामा शंख सापडला. टोक खाली धरलं की तोंड अगदी उजवीकडे! तो त्यांनी देवघरात ठेवला... आणि वर्षभरात अनघा झाली.

झालं! अख्खी आळी विहिरीवर लोटली, ठाकुर्लीहूनही बायका यायला लागल्या. कुणाला नोकरी हवी, कुणाला मुलीचं लग्न जमायला हवं. रिकामे शंख संपले तशा जिवंत वेचल्या, वर कढत पाणी ओतलं. काकू हातापाया पडत होत्या, नका गं मारू म्हणून... पण कोण ऐकतंय! काही पावसाळ्यांतच ती उलट्या शंखाची गोगलगाय दिसेनाशी झाली. पुढे नव्वदीत विहीर बुजवली, तेव्हा बाकीच्याही गेल्या.

आता तिथे मुठीएवढ्या परदेशी गोगलगायी तेवढ्या फिरतात. अनघा दर पावसाळ्यात त्यांच्यात तिला शोधते. म्हणते, माझ्यापायी गेली ती, एक तरी जिवंत बघायचीय. वेडी! तिचा काय दोष यात?

परवा तिने विचारलं, "मावशी, ती चालताना दिसायची कशी गं? अंगाचा रंग कुठला?"

मी तोंड उघडलं... आणि काही म्हणजे काही आठवेना. शंखावरची पट्टी अजून डोळ्यांपुढे आहे, आमच्या देवघरातच आहे तो. पण आतल्या जिवाकडे आम्ही कुणी नीट बघितलंच नाही गं, अनघा. फार वाईट वाटतं.