घुमटाखालचा बाण

तारांगणात आकाश समजावून सांगता सांगता त्याची नजर अधू होत गेली, पण त्याने बायकोलाही त्याचा पत्ता लागू दिला नाही. हाताला सवय होती. ठरलेल्या वाक्याला उजेडाचा बाण ठरलेल्या ताऱ्यावर जायचाच.

आज यंत्र अडकलं, आकाश फिरलंच नाही.

"हा लाल तारा! याचा उजेड निघाला तेव्हा आपले खापरपणजोबाही जन्मले नव्हते!"

बाण काळ्याकुट्ट रिकाम्या जागेवर होता. लोक हसले. आपल्या विनोदाला हसले, असं त्याला वाटलं.

दिवे लागल्यावर यंत्र चालवणारी बाई जवळ आली. "भाऊ, कधीपासून दिसत नाही?"

तो हळूच म्हणाला, "ताई, घरी कळू देऊ नका."

विसरलेला डबा घेऊन आलेली त्याची बायको त्याच्या समोरच उभी होती.