तपासणीच्या दिवसाचं पाणी

जिवतीच्या डोंगरावरच्या एका वस्तीचं पाणी माझ्यामुळे अडलं आहे. मी निवृत्त झालो, वय झालं, आता खरं लिहून ठेवतो.

मी पाणीपुरवठ्यात होतो. वरून ठरलं की योजनांची देखरेख आणि मूल्यमापन बाहेरच्यांवर न सोडता खात्याच्याच कामात रुजवायचं. गावात जायचं, नळ उघडून बघायचा, लोकांना विचारायचं, दिसेल ते कळवायचं. चांगलंच ठरलं होतं. आमच्या तालुक्यात ते काम माझ्याकडे आलं, आणि त्या वस्तीची नळयोजनाही मीच केली होती. तिथली बोअर पहिल्याच उन्हाळ्यात आटली. तपासणीला जिल्ह्याचे अधिकारीही सोबत यायचे; पहिल्या तपासणीच्या सकाळी मी टँकर आणून टाकी भरली. एवढी एकच वेळ, म्हटलं, मग नवी बोअर मागू. पण योजना चालू आहे असं कळवल्यावर बोअर कोणत्या तोंडाने मागणार? पुढच्या तपासणीला पुन्हा टँकर.

बायकांना कळायला वेळ लागला नाही. नळाशेजारच्या घरातली बाई मला रस्त्यात गाठायची.

"काऊन भाऊ, या महिन्यात पाहुणे नाई आणले? नळ वाट पाहून राह्यला."

सगळ्या हसायच्या. पाहुण्यांनी विचारलं की मात्र त्याच सांगायच्या, पाणी येते. खरं सांगितलं तर तपासणी थांबेल आणि टँकरही, हे त्यांना ठाऊक होतं.

एका उन्हाळ्यात तिच्या मुलीचं लग्न ठरलं.

"भाऊ, त्या दिवशी तपासणी लावून द्या."

"अशी कशी लावता येईल?"

"कशी लावता ते आमाले ठाऊक हाय. वरात दारात अन् घरात पानी नाई, तर पोरीले काय तोंड दाखवू?"

मी लावली. जिल्ह्याचे अधिकारी मांडवात जेवले, नळावर हात धुतले आणि अख्ख्या वरातीला पाणी पुरलं, असं अहवालात लिहून गेले. पुढे धीर करून मी बोअरची मागणी पाठवली, तेव्हा तोच अहवाल जोडून ती परत आली.

निवृत्त होताना माझ्या जागी आलेल्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, मी योजना बंद दाखवली तर मलाच विचारतील, कालपर्यंत चालू होती, तू काय केलंस?" आता टँकर तो नेतो.

परवा बाजारात ती बाई भेटली. मुलगी बाळंतपणाला आली आहे.

"बाळाचे कपडे घेऊन नाल्यावर जाते पोरगी. ओली बाळंतीण."

मी म्हटलं, "जिल्ह्याला सगळं खरं कळवतो. न सांगता येऊन पाहा म्हणतो."

"मंग टँकर?"

"बंद होईल. बोअर कधी होईल, सांगता येत नाही."

ती पिशवीतली वांगी उगाच खालीवर करत राहिली.

"बारसं होऊ द्या आधी, भाऊ."

घरी येऊन मी माझ्या जागी आलेल्याला फोन केला आणि बारशाच्या दिवशी तपासणी लावायला सांगितलं. एवढी एकच वेळ, म्हणालो.