मोठं ड्रॉइंग उघडलं की

माझा कॉम्प्युटर बंद पडायचा तो एकदम. ना निळा स्क्रीन, ना कुठली सूचना. साच्याचं मोठं ड्रॉइंग उघडून फिरवायला लागले की पाच मिनिटांत फट्! मग बटण दाबा नाहीतर डोकं आपटा, दहा मिनिटं ढिम्म. तेवढा वेळ मी मखमलाबादच्या आमच्या घरात ओट्यापासून दारापर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालायचे.

साहेबांनी सरळ सांगितलं होतं, महिनाभर नाशिकहून काम करून दाखवा. जमलं तर तिथंच राहा, नाहीतर पुण्याला परत या. वडील गेल्यापासून आई झेंडूच्या मळ्यात एकटी होती. तिला सोडून मला जायचं नव्हतं. आणि महिन्यातले अठरा दिवस तर संपलेसुद्धा होते.

आधी मी विंडोज नव्यानं टाकलं. मग रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या. तेव्हा कॉम्प्युटरच्या डब्याच्या तळाशी, जाळीदार पत्र्यावर, तांदळाचे चार दाणे दिसले. दसऱ्याच्या पूजेचे असतील म्हणून फुंकर मारली आणि झाकण लावलं. इंजिनिअर म्हणे मी! मग माझा सगळा संशय घरातल्या विजेवर गेला.

"आई, मिक्सर लावलास ना?" मी आतून ओरडायचे.

"नाय गं बाई. खलबत्त्यातच कुटते मी आता."

खरंच कुटत होती बिचारी. तरी माझा राग निघायचा तिच्यावरच. "तुझ्या या घरात काम होणंच शक्य नाही," असं एकदा फाडकन बोलून गेले. ती टोपली उचलून फुलं तोडायला निघून गेली.

विसाव्या दिवशी साहेबांना ड्रॉइंग दाखवता दाखवताच कॉम्प्युटर बंद पडला. फोनवर ते एवढंच म्हणाले, "सोमवारी शेवटचं बघू." मी पंचवटीतल्या दुरुस्तीवाल्या काकांना बोलावून घेतलं.

काकांनी डब्याला हातही न लावता आधी सगळं ऐकून घेतलं. "हलक्या कामाला चालतो, जड कामाला पडतो आणि निवला की उठतो. ताई, एसएमपीएस बघू आपण." एसएमपीएस म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा खोका; माझ्या डब्यात तो तळाला, त्या जाळीदार पत्र्याखाली होता. काकांनी पिशवीतून दुसरा काढला, टेबलावर ठेवला आणि त्याच्या वायरी आत जोडल्या. मी सगळ्यात जड ड्रॉइंग उघडलं. पाच मिनिटं झाली. वीस झाली. तासभर मी ते गरागरा फिरवत बसले, पण कॉम्प्युटर बंद पडेना! मला नाचावंसं वाटलं.

तोवर काकांनी जुना खोका सोडवून पालथा केला आणि हलवला. खुळखुळ वाजला. मग झाकण उघडलं तर आतून कुंकू लावलेल्या अक्षता पडायला लागल्या. पंख्याच्या पात्यांत अडकून बसल्या होत्या.

"पंखाच फिरत नव्हता, तापून बंद होत होता," काका म्हणाले. "पण ताई, मूठभर आहेत या. एका दसऱ्याच्या नाहीत."

आई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. आमच्याकडे पोट ज्याच्यावर चालतं त्याला अक्षता वाहतात, मळ्यातल्या मोटारीला, फवारणीच्या पंपाला, तराजूला. पण वर्षातून एकदा.

"मी रोज वाहायचे," ती हळूच म्हणाली. "तू आंघोळीला गेली का, डब्याच्या वरच्या जाळीवर. तू चिडशील म्हणून लगेच पदरानं पुसून पण घ्यायचे. म्हटलं, हा नीट चालला तर पोरगी इथंच राहील. मग तो लयच बंद पडाया लागला, तसं संध्याकाळी पण वाहाया लागले."

ती टेबलावरच्या ढिगाकडे बघत राहिली. "म्हंजे तुला मीच पुण्याला धाडत होते का गं?"

काका मान खाली घालून स्क्रू गोळा करायला लागले. सोमवारी ते ड्रॉइंग दीड तास चाललं आणि मी नाशिकलाच राहिले. पण आईला त्या वेळी मी काय उत्तर दिलं, काही केल्या आठवत नाही. तिच्या हातातले कप न घेताच तिला मिठी मारली आणि हमसून रडले, एवढंच आठवतं.