वरची मूठ

आधीच माफी मागतो. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी लिहायचं ते मोठ्यांनी, ज्यांना लिहिता येतं त्यांनी, असं मला वाटत आलंय. मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. परीक्षेच्या पेपराशिवाय सलग दोन पानं मी आजवर लिहिलेली नाहीत. आणि जिच्याविषयी लिहितोय ती माझी चांगूआत्या काही नावाजलेली बाई नव्हती. रेवदंड्याच्या पुढे, आमच्या कोळीवाड्यात, ती सोडे करायची, एवढीच तिची ओळख. पण तिला जाऊन पाच आठवडे झाले, आणि ज्या निरोपाची ती शेवटपर्यंत वाट पाहत होती तो गेल्या आठवड्यात आला. घरात सगळ्यांना सांगून झालं, तरी माझ्याकडे काहीतरी सांगायचं उरलंच आहे… म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

ती गेली त्या दिवशी अलिबागला माझा पेपर होता. फोन बंद करून बॅगेत, आणि बॅग वर्गाबाहेर व्हरांड्यात. बाहेर येऊन फोन चालू केला, तर वडिलांचे, आईचे, शेजाऱ्यांचे इतके फोन येऊन गेले होते की उलट कुणाला लावून विचारायची गरजच उरली नाही. आदल्या संध्याकाळी मी तिला इस्पितळात भेटून आलो होतो. छातीत दुखतंय म्हणून आणलं होतं, पण आता धोका नाही असं डॉक्टर बोलले होते. तीही शेजारच्या खाटेवरच्या बाईला सोड्यांच्या खिचडीत नारळाचं दूध कधी घालायचं ते समजावत होती. मी निघालो तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. "चंदरपूरचा फोन आला काय रं?" मी म्हटलं, "नाय अजून. येल ना." "येल," ती बोलली, "पन मी हाय तवर आला तर बरा." तेच आमचं शेवटचं बोलणं.

चंद्रपूरचा फोन म्हणजे काय, हे सांगायचं तर धंद्यापासून सुरुवात करायला हवी. कोलंबी सोलून उन्हात वाळवली की तिचे सोडे होतात. आत्या वडिलांची थोरली बहीण. तिचा नवरा, आमचे काका, गेल्यापासून आमच्या शेजारच्या खोलीत एकटी राहायची. दारापुढे जुनं जाळं अंथरून त्यावर सोडे वाळवायची आणि आठवड्याच्या बाजाराला नेऊन विकायची. गुडघ्यांमुळे तिला बाजार झेपेना, त्याच वर्षी कॉलेजात आम्हाला एक लहानसा धंदा चालवून दाखवायला सांगितला. बाकीच्यांनी टी-शर्ट, मेणबत्त्या वगैरे घेतल्या. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी भीत भीत सोडे घेतले. फोनवर फोटो काढायला लागलो तर आत्या पाटावरून न उठता बोलली, "फोटूत वास येतो काय?" मी म्हटलं, नाही. "मग कोन घेल? सोडं नाकानं घेतात."

पहिले दीड महिने ती म्हणाली तसंच झालं. फोटोखाली लोक हसण्याची चित्रं टाकून जायचे. एका वर्गमित्राने तर सगळ्यांसमोर मला नाक धरून नमस्कार केला. आमचे सर म्हणत, आधी आपला ग्राहक ओळखा. मी घरी येऊन वहीत वय, शहर, आवड असे रकाने आखून बसलो. आत्याने विचारलं काय चाललंय, तर तिला सांगितलं की आपलं गिऱ्हाईक कोण ते शोधतोय. ती कोलंबीचं डोकं मोडत बोलली, "त्याला वही कशाला? ज्याला ह्यो वास वास वाटत नाय, तो आपला." मी ते वाक्य, भाषा जरा सुधारून, फोनवरच्या आमच्या विक्रीच्या पानावर टाकलं. त्यानंतर हळूहळू माणसं यायला लागली. मूळ आपल्याच किनाऱ्याची, पण नोकरीमुळे, लग्नामुळे लांब गेलेली. जिथे समुद्र नाही आणि बाजारात सोडे म्हटलं तर कुणाला कळत नाही, अशा गावांची. थोडीच होती ती, पण पुन्हा पुन्हा मागवायची. मला वाटतं, लहान धंद्याचा मी शिकलेला पहिला धडा हाच. शिकवलं मात्र आत्याने.

दुसरा धडा वासाचाच. कुरियरवाल्याने दोन पुडकी परत पाठवली, कारण त्याच्या गाडीतल्या कुणाच्या तरी साड्यांना वास लागला. मग मी पिशवीचं तोंड तापवून बंद करायचं यंत्र आणलं. पिशवीत पिशवी, त्यावर पुठ्ठ्याचं खोकं. आत्या त्या यंत्राला इस्त्री म्हणायची. "कर इस्तरी," असं म्हणत एकेक पिशवी माझ्यापुढे सरकवायची.

भांडण झालं ते वजनावरून. आत्या जन्मभर वाट्याने विकत आलेली. केळीच्या पानावर ढीग लावायचा, गिऱ्हाईक घासाघीस करणार, मग सौदा झाला की आपल्या मनाने वर एक मूठ टाकायची. मी काट्यावर पाचशे ग्रॅम मोजायचो, आणि मी वळलो की ती पिशवीत हात घालून वरची मूठ टाकायची. कुणाला जास्त मूठ, कुणाला कमी. पुण्यातल्या दोन बहिणींनी आपापली पिशवी मोजून मला विचारलं की हिला जास्त का. मी चिडलो. "आत्या, पाचशे म्हंजे पाचशे. सगळ्यांना सारखं पायजे." ती शांतपणे बोलली, "काट्यावर ठेवला तो इकला. वर टाकला तो दिला. तू नुसता इकायला शिकतोस काय तिकडं?" मी पुढची पिशवी काट्यावर ठेवली.

वत्सलाबाई आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. माहेर चौलचं, लग्न होऊन चंद्रपूरला गेल्या, शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. आता तिथे एकट्या राहतात. पुडकं पोचलं की त्या फोन करायच्या, मला नाही, आत्याला. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नाही. पण अर्धा अर्धा तास बोलायच्या. चौलच्या देवळाची पालखी, गुडघे, सुना. आत्या मोठ्याने ओरडून बोलायची, चंद्रपूर लांब आहे म्हणून. एकदा मी म्हटलं, हळू बोल, ऐकू येतं. तर म्हणाली, "तिला येत आसल, मना येत नाय ना."

यंदा शिमग्याच्या आधी मागण्या साचल्या होत्या. शिमग्याला होड्या किनाऱ्याला लागतात, चार-पाच दिवस कोणी जात नाही, म्हणजे ताजी कोलंबी नाही. त्यात दोन दिवस आभाळ आलं. जुने वाळलेले सोडे होते ते मी मोजून सात पिशव्या भरल्या. पुडकी पाठवायच्या शेवटच्या दिवशी दुपारी आत्याने सातही पिशव्यांत वरची मूठ टाकली, ती जाळ्यावरच्या नव्या सोड्यांची. नव्यांना एकच ऊन मिळालं होतं. मी ते पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, एक सोडा बोटांत दाबूनही पाहिला. मऊ होता. कुरियरची गाडी चारला सुटते आणि पावणेचार झाले होते. बोललो असतो तर आत्या भांडली असती, पिशव्या पुन्हा ओतून मोजाव्या लागल्या असत्या… मी काही न बोलता इस्त्री केली.

पंधरा-वीस दिवसांनी पुण्याहून फोटो आला. पिशवीत वरच्या बाजूला पांढरी बुरशी. मग नाशिकहून तसाच. मी सगळ्यांना कळवलं की खाऊ नका, टाकून द्या, दुसरे पाठवतो. सहा जणांची उत्तरं आली, कुणी रागावलं, कुणी समजून घेतलं. सातव्या वत्सलाबाई. त्यांचा फोन बंद. पुडकं मात्र पोचलेलं, कुरियरच्या कागदावर सही होती. आणि पुडकं पोचल्यावर त्यांचा जो फोन नेहमी यायचा, तो या वेळी आलाच नव्हता, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं.

त्या दिवसापासून आत्याने पाट भिंतीला टेकवून ठेवला. कोलंबी आली तरी सोलायला बसेना. "ती एकटी ऱ्हाते रं," एवढंच म्हणायची. "खाल्ला आसल तिनं. माझ्याच हातचा." मी रोज फोन लावायचो आणि बंद असल्याचं तिला सांगायचो. शेवटी तिने मला पत्र लिहायला बसवलं. तिला लिहिता येत नव्हतं, ती सांगत गेली तसं मी लिहिलं: बाई, सोडे खाऊ नका. वरची मूठ ओली होती, माझी चूक झाली. खाल्ले असतील तर कसं वाटतं ते कळवा. खाली माझा नंबर टाकला. "माझी चूक" हे शब्द लिहिताना माझं पेन थांबलं होतं. तो मऊ सोडा मी बोटांत दाबून पाहिला होता, हे तेव्हा सांगायला हवं होतं. इस्पितळात सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पुढे कधीतरी सांगू म्हटलं, आणि ते राहून गेलं. ती चूक एकटी तिची नव्हती, हे मला इथे लिहायचं होतं. माफी मागत सुरुवात केली ती खरं तर यासाठीही.

तिच्या पत्राला उत्तर आलं नाही, आणि मग आत्याच गेली.

गेल्या आठवड्यात तिची खोली झाडायला आईने मला पाठवलं. काटा, इस्त्री, पिशव्यांचा गठ्ठा, सगळं तिथेच होतं. भिंतीला टेकवलेला पाट मी आडवा केला. बसून बसून मध्ये खोलगट झालेला, वासही तोच, सोड्यांचा. मला तो वास वास वाटला नाही. तेवढ्यात फोन वाजला, नंबर अनोळखी.

"चांगुणाचा भाचा ना रे तू? वत्सला बोलतेय, चंद्रपूरहून."

मी पाटावरच बसलो. त्या बोलत होत्या. पुडकं आलं त्याच दिवशी अमरावतीला बहिणीकडे गेल्या होत्या, तिथे गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जाताना गाडीत फोन चोरीला गेला, त्यातच सगळे नंबर. कालच घरी परत आल्या तर दाराखाली पत्र. माझ्या तोंडून एकच प्रश्न निघाला. "बाई… ते सोडे खाल्लेत?"

"खाल्ले की. बहिणीकडे नेले, दोघींनी संपवले."

"पण वरचे ओले होते."

त्या हसल्या. "अरे, वरची मूठ ओलीच असते. ती त्या दिवशीची असते म्हणून तर वर टाकतात. या वेळी जरा जास्त ओली होती, एवढंच. माझी आई दारातच वेगळी काढायची. मीही पिशवी आली की आधी ती काढते, गच्चीवर कागद पसरून दोन उन्हं देते. चौलची आहे मी, एवढं कळत नाही का मला? तुझ्या आत्याला सांग, उगाच जिवाला लावून घेतलंस. दे तिला फोन."

मग मला सांगावं लागलं. कधी, कसं, ते त्यांनी विचारून घेतलं. नंतर त्या एवढंच म्हणाल्या, "यंदाची मूठ मोठी होती रे."

फोन ठेवला. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा छाती मोकळी वाटत होती. जरा लाजही वाटली की आत्या नाही आणि मला बरं वाटतंय… बाहेर आई कुणाशी तरी बोलत होती, खोलीत कोणी नव्हतं. मी पाटावरून उठलो, त्याच्यासमोर उभा राहिलो, आणि चंद्रपूर लांब असल्यासारखं मोठ्याने सांगितलं, "आत्या, आला फोन. बरी हाय ती."